गुलाबी पाण्याचे आठ फोटो

बाबांनी ग्वाल्हेर संस्थानच्या जकात नाक्यावर वर्षानुवर्षं सांभरच्या मिठाची पोती तपासली, पण सांभरचं सरोवर कधी पाहिलं नव्हतं. पोत्यांबरोबर येणारा एक म्हातारा त्यांना सांगायचा, तिथलं पाणी गुलाबी असतं. सगळा नाका त्याला हसायचा, बाबाही. पुढे संस्थान विलीन झालं, नाका उठला, बाबा ग्वाल्हेरातच इंदरगंजच्या सरकारी कचेरीत बसू लागले, आणि आता ती कचेरीही नव्या राजधानीत, भोपाळला निघाली होती. त्याच सुमारास आत्याच्या यजमानांची रेल्वेत सांभरला बदली झाली आणि आत्याने मला बोलावून घेतलं. मी मामाचा बॉक्स कॅमेरा मागून घेतला. बाबांना ते पाणी दाखवायचंच, असं मी ठरवलं होतं. बोलले मात्र कुणाला नव्हते.

सकाळी आत्याबरोबर बांधावर चढले आणि जागीच थांबले. एका मिठागरात पाणी गुलाबी, शेजारच्यात विटेसारखं लाल, पलीकडे हिरवट. कडेला मिठाचा पांढरा थर, पायाखाली पापडासारखा मोडणारा. मी पळत सुटले. आत्या मागून काहीतरी ओरडत होती, ते ऐकलंच नाही. या कॅमेऱ्यात मान खाली घालून पाहायचं असतं, समोरच्या माणसांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. मला तेवढं पुरेसं होतं. मीठ ओढणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या, तरी मी हलले नाही.

पण रिळात फोटो आठच, तेही काळेपांढरे. पिशवीत शाळेपासूनच्या भरतकामाच्या रेशमी लडी होत्या. एकेक धागा पाण्याशेजारी धरून रंग जुळवला आणि वहीत त्या त्या फोटोच्या आकड्यासमोर सुईने ओवून ठेवला. पाचव्याला कुठलाच जुळेना, तेव्हा दोन धागे एकत्र पिळले.

ग्वाल्हेरला, आमच्या लष्कर भागात परतल्यावर नई सडकेवरच्या एका फोटोवाल्याकडे फोटो धुवायला आणि वरून हाताने रंगवायला दिले, वहीचं पानही दाखवलं. आठवड्याने पाहते तर आठही फोटोंत पाणी निळंशार. एरवी मी पाकीट घेऊन गप्प घरी आले असते. त्या दिवशी वही पुन्हा त्याच्यासमोर उघडली.

"बिटिया, पानी भी कभी गुलाबी होता है?"

"होता है. मैं देखके आई हूँ."

दुकानातली माणसं वळून बघू लागली, इतका माझा आवाज मोठा निघाला. त्याने एकदा धाग्यांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि निळा पुसायला लागला.

संध्याकाळी बाबांनी एकेक फोटो खिडकीशी नेऊन पाहिला.

"सुरेख आहेत. पण रंग तर नई सडकेवरच भरलाय ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वही पुढे केली, मग वही राहिली बाजूला आणि मीच बोलत सुटले. पिळलेले दोन धागे, तो खारट उग्र वास, मिठाने कडक झालेला साडीचा काठ. घरात मी एवढं कधी बोलले नव्हते. बाबांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"तू स्वतः पाहिलंस?"

"हो, बाबा."

ते पाचवा फोटो हातात धरून बसले. त्या म्हाताऱ्याला आपण उगीच खोटं पाडलं, असं काहीसं पुटपुटले. मग म्हणाले, "भोपाळला जायला अजून तीन आठवडे आहेत. सांभरला जायचं तर फुलेऱ्याला गाडी बदलावी लागते ना?"