सशाएवढं हरीण आणि शाळेतली घसरगुंडी

जालना जिल्ह्यात कुंभार पिंपळगावच्या अलीकडे एका लहानशा गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. तिथं माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा नुसताच टांगलेला असायचा. त्याचा काहीतरी उपयोग व्हावा म्हणून मी शेवटच्या तासाला गोष्टी सांगायला लागले. एखाद्या देशावर बोट ठेवायचं आणि तिथल्या लबाड प्राण्याची गोष्ट सांगायची. आफ्रिकेतला कोळी झाला, अमेरिकेतला ससा झाला. "आपला कोल्हा कुठंय यात?" असं विचारत पोरं नकाशावर जालना शोधायची.

वर्गात दाराजवळ एक मुलगी बसायची. ती शाळेत बोलायचीच नाही. पहिलीपासून तसंच. "घरी बोलती हो मॅडम, बाहेर न्हाई बोलत," असं तिच्या आईनं मला सांगून ठेवलं होतं. वाचायला उभं केलं की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मीही मग फार आग्रह करत नव्हते.

एके दिवशी मी इंडोनेशियातल्या हरणाची गोष्ट सांगितली. हरीण कसलं, सशाएवढंच. आपल्याकडे त्या जातीला पिसोरी म्हणतात. त्याला नदीपलीकडची फळं हवी होती आणि नदीत मगरी होत्या. ते मगरींना म्हणालं, "राजाचा हुकूम आहे, तुमची मोजणी करायची. एका रांगेत या." मगरी रांगेत आल्या आणि हरीण एक, दोन, तीन म्हणत त्यांच्या पाठीवरून पार गेलं. पोरांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

"मॅडम, तुम्ही सातवीच्या पोरांची मोजणी मागवली होती का?"

"नाही हो सर. का बरं?"

घडलं होतं ते असं. आमच्या मैदानात एकच घसरगुंडी आहे आणि सुट्टी झाली की सातवीची पोरं तिच्यावर ठाण मांडून बसतात. ही दाराजवळची मुलगी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय, खिचडीच्या ताटांसाठी तुम्हाला मोजायचंय. भिंतीपाशी रांगेत या." ती पोरं गेली. ही एकेकाच्या पोटाला बोट लावून मोजायची आणि बारा-तेरापर्यंत पोचली की "चुकलं" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. घंटा होईपर्यंत तिसरीचा सगळा वर्ग घसरगुंडीवर होता.

सरांना हसू आवरत नव्हतं, पण ते म्हणाले, "तुमचं नाव घेऊन खोटं बोलली, तेवढं समजवा तिला."

मी वर्गात आले आणि तिला उभं केलं. "माझं नाव का घेतलंस?"

ती खाली बघत राहिली. तिच्या शेजारची म्हणाली, "मॅडम, हरणानं पण राजाचं नाव घेतलं व्हतं. राजाला कुठं माहीत व्हतं?"

"अगं, ती गोष्ट आहे."

"मंग गोष्टीतून काय शिकले, असं तुम्हीच इचारता ना."

सगळा वर्ग हसला. तेवढ्यात ती मुलगी बोलली. बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तुम्हाला दोन बार सांगितलं व्हतं. तुम्ही 'बघते' म्हणल्या."

ते खरं होतं. वर्गातल्या मुली घसरगुंडीची तक्रार घेऊन माझ्याकडे दोनदा आल्या होत्या. दोन्ही वेळा मी वहीतून डोकं वर न काढता "बघते" म्हटलं होतं आणि विसरून गेले होते. मला तिच्यासमोर उभं राहवेना. मी म्हटलं, "माझं चुकलं. पण परत माझं नाव असं घेऊ नकोस." तिनं मान हलवली.

त्याच दिवशी सरांना सांगून सुट्टीची वाटणी करून घेतली. आधी लहान वर्ग, मग मोठे. सातवीची पोरं आठवडाभर माझ्यावर फुगून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आई कापूस वेचायला जाता जाता शाळेत आली. कुणीतरी तिला अर्धवट सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही माफी तरी मागणार, नाहीतर माझ्यावर चिडणार. ती दारातच थांबली.

"मॅडम, त्या एवढाल्या पोरांसमोर बोलली म्हणे?"

"बोलली. माझ्याशीही बोलली."

"काय म्हणली? बराबर सांगा."

मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं तो पुन्हा एकदा सांगायला लावला. पदर तोंडाला लावून ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. बाकीच्या बाया रस्त्यावरून हाका मारत होत्या, तरी ती निघेना.

मुलगी त्यानंतर काही एकदम बोलकी झाली नाही. वाचताना कितीतरी दिवस नुसते ओठच हलत राहिले. पण चौथीत गेली तेव्हा तिथल्या नव्या मॅडमनी पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि तिनं ते उभं राहून सांगितलं. सुट्टीत त्या मॅडम सहज बोलता बोलता मला म्हणाल्या, "मुलगी जरा हळू बोलते, नाही?" मी म्हटलं, हो, हळू बोलते.