गुप्तहेर बाईंची डावी टाच

मालिकेतली गुप्तहेर बाई शत्रूच्या इमारतीत शिरते तेव्हा पडद्यावर दिसते ती उंच, देखणी नायिका. कानावर येतात ती पावलं मात्र भलत्याच बाईची. स्टुडिओत सगळे तिला पावलंवाली म्हणतात. चित्रीकरणात पावलांचा आवाज धड येत नाही, म्हणून ही पन्नाशी ओलांडलेली, अंगाने चांगली भरलेली बाई काचेच्या खोलीत टाचांचे बूट चढवते आणि पडद्याकडे बघत फळीवर जागच्या जागी चालते. वजनाबद्दल कुणी टोकलं तर म्हणते, "दिवसभर चालतेच की मी. पोचत कुठे नाही, एवढंच."

या गुप्तहेर बाईंची चाल फार गाजली. एक पाऊल हलकं, दुसरं जड. नुसता तो आवाज आला की घराघरांत माणसं हातातलं काम टाकून टीव्हीपुढे बसत. दिग्दर्शक मुलाखतींत सांगे की त्या जड पावलात नायिकेचा भूतकाळ दडलाय. भूतकाळ कसला, डोंबलाचा. पावलंवालीचा उजवा गुडघा झिजला होता, म्हणून सगळा भार डाव्या टाचेवर पडायचा. दुखतंय म्हटलं तर दुसरी बाई आणतील, या भीतीने ती अवाक्षर बोलली नव्हती.

पण पुढे जिनाही चढवेना. मालिकेला मोठी सुट्टी लागली तेव्हा तिने गुपचूप गुडघा बदलून घेतला. परत आली, बूट घातले, चालली. दोन्ही पावलं अगदी सारखी पडली.

ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून मान वर केली. "ताई, आपली ती नेहमीची चाल?"

तिने मुद्दाम लंगडून पाहिलं. ते सोंग आहे हे तिचं तिलाच ऐकू येत होतं. मेला गुडघा जन्मात इतका गुणी वागला नव्हता, तो नेमका आत्ताच वागायला लागला. दिग्दर्शक ऐकून गेला आणि जाता जाता म्हणाला, "उद्या आणखी एकीला बोलावून बघू."

"दुखणं गेलं म्हणून रडणारी तू पहिलीच," नवरा घरी म्हणाला. तिला हसू आलं नाही. एवढी वर्षं तिला दुसरं काही येतच नव्हतं, आणि शिकायचं वयही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नायिका आपले संवाद मुद्रित करायला आली, तेव्हा पावलंवालीचा लंगडण्याचा खटाटोप चालूच होता. नायिका दारात थबकली. "काय झालंय?"

लपवायला आता काय राहिलं होतं? पावलंवालीने सगळं सांगून टाकलं.

नायिका मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे तो तुमचा गुडघा होता?"

"हो, मॅडम. चुकलंच माझं."

"अहो, तुमच्या पावलांचा आवाज ऐकून दिग्दर्शक मला म्हणाले, आता चालही तशीच ठेवा. तेव्हापासून मी डाव्या पायावर भार टाकून चालतेय. कंबर पार कामातून गेली. कोटाखाली पट्टा बांधून उभी असते मी. बोलायची सोय नाही, दुसरी आणतील." एवढं म्हणून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. "मी आता सरळ चालणार," नायिकेने ठणकावलं.

"पण प्रेक्षक?"

"मागच्या भागात गुप्तहेर बाई तुरुंगातून सुटली ना? तिथल्या दवाखान्यात पाय बरा झाला तिचा. आणि पावलं यांचीच राहतील. दुसरी कुणी आली तर मी रोज वेगळ्या पायाने लंगडेन, बसा मग आवाज जुळवत."

दिग्दर्शकाने हात टेकले. "बरं बाई," म्हणाला, आणि त्या दुसरीला येऊ नको म्हणून फोन करायला बाहेर गेला.

पावलंवालीचा जीव भांड्यात पडला. नायिकेने कमरेचा पट्टा सोडून खुर्चीवर टाकला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ, सरळ चालत गेली. पावलंवाली सवयीने तिच्या पायांकडे बघत फळीवर तिच्या जोडीने चालू लागली. ध्वनिमुद्रकाने कुणी न सांगताच मुद्रण सुरू केलं.