सुटी पानं

ते प्रकरण अजूनही मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकात मी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाच्या पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह होतो. खात्यात मराठी माणूस मी एकटाच.

एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने खबर दिली. त्याच्याकडे सोनेरी अक्षराचं एक पान विकायला आलं होतं आणि ते आमच्या ग्रंथालयातलं असावं, असा त्याला संशय होता. मध्ययुगातल्या एका मठात बायबलवर झालेल्या प्रवचनांचं ते हस्तलिखित, कातड्याच्या पानांवर लिहिलेलं. तपासलं तर घट्ट शिवलेल्या त्या ग्रंथातली कित्येक पानं ब्लेडने कापलेली.

दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटाची किल्ली नागपूरच्या एका विद्यार्थिनीकडे असे. चौकशी सुरू होताच विभागाने तिची असिस्टंटशिप, जिच्यावर तिची फी भागायची, काढून घेतली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. साहेब मला म्हणाले, "तुझ्या भाषेत बोल तिच्याशी."

मी तिला आधी चहा दिला. मग विचारलं, "ते पुस्तक शेवटचं ठेवलंस, तेव्हा कसं होतं?"

"नेहमीसारखंच, काका. लूज पेजेस नीट लावली आणि कापडात गुंडाळून ठेवलं."

"सुटी पानं होती?"

"पोथी लूजच असते ना? माझ्या आजोबांची तशीच होती. मला त्यात काही ऑड वाटलं नाही."

आधीच्या अधिकाऱ्याने तिला 'काही वेगळं दिसलं का' एवढंच विचारलं होतं. ती 'नाही' म्हणाली, आणि तिच्यापुरतं ते खरंच होतं.

"कुठे होती ती सुटी पानं?"

"प्रोफेसरांच्या टेबलावर. ते लंचला गेले होते."

हे प्रोफेसर म्हणजे त्या विषयातलं मोठं प्रस्थ. व्यापाऱ्याने त्यांचा फोटो लगेच ओळखला. वॉरंट घेऊन घराची झडती घेतली. तळघरात काही पानं फ्रेममध्ये लावलेली होती. बाकीच्या पानांतली रंगीत अक्षरं तेवढी कापून काढलेली, आणि उरलेलं प्रवचन केराच्या टोपलीत. मी त्यांना टोपली दाखवली, तर म्हणाले, "ते आता वाचतंय कोण?" इतका संताप मला एखाद्या खुन्याचाही आला नव्हता.

प्रश्न विचारणाऱ्याला जे विचित्र वाटतं, ते उत्तर देणाऱ्याला घरचं वाटू शकतं, हे मी तेव्हा शिकलो. पुढे प्रत्येक जबाबात आधी 'नेहमीसारखं म्हणजे कसं' ते विचारत गेलो.

मुलगी निर्दोष ठरली. पण तिच्या जागी दुसरा विद्यार्थी घेतला गेला होता आणि विभाग ती जागा परत द्यायला तयार नव्हता. पदरच्या पैशाने शिकणं तिला शक्य नव्हतं. विमानतळावर मीच तिला सोडायला गेलो. बॅग उतरवताना तिने विचारलं, "काका, चोर सापडला ना? मग मी का जातेय?"

मी तिची बॅग काउंटरपर्यंत नेऊन दिली.