राजूरचा पांढरा शर्ट

"बाई, त्यायले कोणता शर्ट घालू?" राजूरहून वहिनींचा फोन आला तो असा. यवतमाळच्या माझ्या घरी भाऊसाठी राखून ठेवलेल्या खोलीतली चादर मी तेव्हा बदलत होते. "पांढराच," मी सहज बोलून गेले. वहिनी रडायला लागल्या, तेव्हा कुठे कळलं, भाऊ गेला होता आणि आपल्याला काय विचारलं होतं ते...

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. कोळशाच्या ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचं त्याचं दुकान, आणि अंगात कायम पांढरा शर्ट. सकाळी बगळा, संध्याकाळी कावळा, असं आम्ही त्याला चिडवायचो. कोळसा खाणींच्या त्या गावात धूळ कुठे नसते? माठावर, तुळशीवर, पोळ्यांच्या डब्यावर. "रंगीत घालत जा ना," म्हटलं की हसायचा आणि घरी आल्यावर स्वतःच शर्ट धुवायला बसायचा.

मग त्याला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं गेली ती काही परत येत नाहीत. धुळीपासून लांब राहिलात तर थोडा आराम पडेल. मी लगेच खोली रिकामी केली, रंग दिला, खिडकीला बारीक जाळी बसवली. भाऊ आला, काही दिवस राहिला. खोकला कमी झाला, झोपही लागायला लागली. आणि एका सकाळी पाहते तर पिशवी भरून पायरीवर बसलेला.

मी भांडलेच. "इथं बरं वाटून राह्यलं ना तुले? मंग काहून चालला?"

"बरं वाटते बाई. पण दिवसभर खिडकीतून पाहत बसा लागते. तिथं दुकान हाय, चार माणसं हायेत."

"अन् फुफ्फुसाचं काय?"

"ते आता मले धुता येत नाही. शर्ट धुता येते."

असा राग आला होता त्याचा. यानं हातपाय गाळले, असंच वाटलं. पण हातपाय गाळलेला माणूस रोज शर्ट कशाला धुवेल? आणि सगळं स्वीकारलं होतं म्हणावं, तर काळा शर्ट का नाही घेतला? कधी वाटतं, तो शहाणा होता. कधी वाटतं, निव्वळ हेकट. जे बदलत नाही ते स्वीकारावं, असं सांत्वनाला येणारे सगळे सांगतात... पण काय बदलणार नाही, हे आधी ठरवायचं कोणी? मला अजून काही उमगत नाही.

परवा राजूरला गेले होते. अंगणात दोरीवर त्याचा मागे राहिलेला एक पांढरा शर्ट वाळत होता. "घरात ठेवला तरी धूळ बसते," वहिनी म्हणाल्या, "धुवाच लागते." निघताना मी तो मागून घेतला, घडी करून पिशवीत ठेवला. माझ्याकडे, जाळीच्या खिडकीआड, तो पांढरा राहिला असता. वहिनी फाटकापर्यंत आल्या. तिथून मी मागे फिरले. शर्ट काढला, झटकला, दोरीवर टाकून चिमटे लावले.

"काळा होईन बाई," वहिनी म्हणाल्या.

"होऊ द्या," मी म्हटलं.