आखाजीची घागर आणि अडकलेलं जहाज

मी चोपड्याजवळचं गाव सोडलं ते केळीच्या कंटेनरसोबत. बायको दिवाळीच्या तोंडावर गेली आणि पौषात मी घराला कुलूप लावलं. पोरगा जहाजावर, सून तिकडे उरणला बंदराजवळ एकटी. पोराचं म्हणणं, आबा, तुम्ही गावात एकटे आणि ती तिथं एकटी, हे काय चाललंय? रेल्वेनं जायला जळगाव गाठावं लागतं. माझा पुतण्या पंडित गावाजवळच्या पॅकहाऊसमध्ये केळी भरायच्या कामाला आहे. तो म्हणाला, आपलीच गाडी बंदरावर चालली आहे, पुढं बसा. मी बसलो. एक गोधडी, एक पिशवी आणि बायकोचा फोटो. बाकी सगळं घरात.

निघताना माझी मोठी वहिनी दारात उभी होती. माझा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचं बोलणं अजून कडक. म्हणाली, "भाऊ, जातस तर जाय. पन घरले कुलूप लावीसन तोंड फिरावू नको." मी पिशवी उचलून गाडीकडं वळलो. बोललो असतो तर गाडीत चढलो नसतो.

ड्रायव्हर धुळ्याकडचा होता. मागं कंटेनरचं मशीन सारखं घरघरत होतं. मी विचारलं, एवढी कशाला थंडी? तो म्हणाला, "आबा, केळं जित्तं शे. गारवा कमी पडना का पिकस, जास्त व्हयना का काळं पडस." मी आयुष्यभर केळी लावली, खोडं बांधली, घड उतरवले. माझ्या बांधावरून गेल्यावर केळं कुठं जातं आणि कसं जातं, हे मला त्या ड्रायव्हरनं सांगितलं. आधी कधी विचारलंच नव्हतं. व्यापारी यायचा, वजन करायचा, गाडी जायची. झालं.

शिरपूर सोडून तापीचा पूल लागला. पुढं नरडाणा. इंदूचं, माझ्या बायकोचं, माहेर त्या अंगाला. ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. मी उतरलो नाही. ती असती तर इथं उतरून भावाकडे गेली असती आणि मला म्हणाली असती, बसा तुम्ही गाडीत.

तिनं समुद्र कधी पाहिला नाही. पोरगा जहाजावर लागला तेव्हा त्यानं दोनदा बोलावलं. ती म्हणायची, "समिंदर कसाले पाहू? तठे पेवाले पानी बी नही." पोरगा प्रमोद, जळगावात आयटीआय केलं, आता गॅसच्या जहाजावर इंजिनात फिटर आहे. सहा-सहा महिने पाण्यावर. ती म्हणायची, आपल्या घराण्यात कुणी विहिरीपलीकडचं पाणी पाहिलं नाही, हा कुठून असा निघाला.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना सांगतो, बंदर बघायला बरं नाही. उंच उंच लोखंडी क्रेन आहेत, कंटेनरच्या भिंती आहेत, रस्त्यावर ट्रेलरची रांग. खारी हवा लागते, अंग चिकट होतं. चवथ्या मजल्यावर घर. शेजारी कोण राहतं ते अजून धड माहीत नाही. आणि जे माझ्यासारखे निघून सुरतेला, पुण्याला, दुबईला गेले त्यांना काय सांगायचं, त्यांना माहीत आहे.

सून सुरेखा, ती एका ऑफिसात कंटेनरचे कागद करते. धुळ्याची आहे, कॉलेज शिकलेली, पण तोंडानं माझ्यासारखीच फटकळ. पहिल्या आठवड्यात मी तिला म्हणालो, हे एवढं सगळं कशाला येतं-जातं? तिनं स्वयंपाकघरातूनच मोजायला सुरुवात केली. "आबा, गॅस बोटीनं आला. फोडणीचं तेल बोटीनं आलं. तुरीची डाळ पण थोडीफार बोटीनं येते."

"डाळ? आपल्या खानदेशात?"

"हो. आणि तुम्ही केळीला पोटॅश टाकत होता ना, ते पण. तुमच्या मोटरसायकलीतलं पेट्रोल पण. तुम्ही चोपड्यात बसून समुद्रच खात होता, आबा. आता जवळ आलात तर तोंड वाकडं करता."

खरं होतं. पोटॅशची गोणी मी इतकी वर्षं खांद्यावर वाहिली. ती कुठल्या देशातून, कुणाच्या जहाजातून आली, कोण तिच्यासोबत जागलं, कधी मनात आलं नाही. गावात आम्ही म्हणायचो, समुद्राशी आपलं काय देणं-घेणं.

मग फाल्गुनात तिकडं आखाताच्या बाजूला लढाई पेटली. टीव्हीवर जळणारं जहाज दाखवलं. प्रमोदचं जहाज गॅस भरून आखाताच्या आत उभं. बाहेर पडायची वाट अरुंद, तिथून जायला परवानगी नाही. जहाज नांगर टाकून उभं. तो फोनवर हसायचा. म्हणायचा, आबा, काही काम नाही, जेवतो आणि झोपतो. मला त्याचं हसणं कळतं. लहानपणी पाय मोडला होता तेव्हा असाच हसला होता.

त्याच आठवड्यात पंडितचा गावाहून फोन. "आबा, तठे समिंदरमा काय चाली राहिनं? कंटेनर जाई नही राहिना. माल कापू का नको?" दुबईकडं जाणारी केळी थांबली होती. घड झाडाला पिकायला लागले. गावात गॅसची टाकी वेळेवर मिळेना, वहिनीनं पुन्हा चूल पेटवली आणि मला शिव्या दिल्या, जशी काही लढाई मीच लावली. समुद्राकडं निघालो म्हणून मला हसलेले लोक आता मला फोन करून विचारायचे, आबा, जहाज निघनं का? प्रमोदचं जहाज थांबलं म्हणून मला झोप नव्हती, आणि तीच वाट बंद म्हणून गावात केळी सडत होती. एवढ्या लांबची एक पाण्याची गल्ली, ती बंद झाली तर तिची झळ आमच्या चुलीपर्यंत येते. हे मला शिकलेल्या माणसानं सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

आणि आखाजी जवळ येत होती.

जे खानदेशचे नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही मेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतो. वर लोटी, डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढतो, एकेकाचं नाव घेऊन. त्या दिवशी ते पाणी प्यायला घरी येतात. वर्षाच्या आत गेलेल्याची पहिली घागर मोठी मानतात. आमच्या घरात आईची घागर पोरानं भरायची. पोरगा जिवंत असताना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर पोरगा नाही असं धरलं जातं. माझ्या वडिलांनी तसं सांगितलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

प्रमोद म्हणाला, आबा, तुम्हीच भरा. मी म्हणालो, तोंड सांभाळ.

सुरेखानं उरणच्या बाजारातून घागर आणली. मी म्हणालो, इथं नाही. इंदूला इथला पत्ता माहीत नाही. चवथ्या मजल्यावर ती कशी येणार? सुरेखा चिडली नाही. म्हणाली, "चला मग, गावाला जाऊ. मी रजा टाकते." आम्ही रेल्वेनं जळगाव, तिथून बसनं चोपडा, गाव. कुलूप काढलं तेव्हा घरात कोंदट वास. इंदूचं लुगडं अजून दोरीवर होतं. सुरेखानं घडी केली.

आखाजीच्या सकाळी वहिनीनं सांजोऱ्या तळल्या. पंडितनं कुंभाराकडून घागर आणली. ठरलं होतं की प्रमोद फोनवर दिसेल, तो तिकडं भांड्यात पाणी ओतेल, त्याच वेळी पंडित त्याच्या नावानं इथं ओतेल. अर्धवट तोडगा, पण वहिनीनं मान्य केला होता. फोन आला नाही. आम्ही लावला, लागला नाही. पुन्हा लावला. सुरेखानं तिच्या ऑफिसात विचारलं. त्यांना एवढंच माहीत की जहाज नांगरावरून हललंय.

ऊन वर आलं. घागर कोरडी. आजूबाजूच्या घरांत लोक जेवायला बसले, पोरी झोक्यावर गाणी म्हणू लागल्या. पंडित म्हणाला, "आबा, मी भरी देऊ का?" मी ओरडलो, "नही." वहिनी म्हणाली, "भाऊ, इंदू पानीसाठे तिसाळी उभी शे दारमा. किती वाट पाहावाले लावशीन तिले?" मी म्हणालो, "प्रमोदचा आवाज ऐकल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." मला घागरीची भीती वाटत होती. पाणी पडलं की माझा पोरगा गेला, असं डोक्यात बसलं होतं. शेजारचा एक म्हातारा येऊन बघून गेला, तेही खटकलं.

सुरेखा ओट्यावर बसली होती. ती उठली, विहिरीवरून बादली आणली. मी म्हणालो, "सुरेखा, थांब."

ती म्हणाली, "आबा, त्यांच्या नावाचं कुंकू माझ्या कपाळावर आहे. मी भरलं तर ते जिवंत आहेत म्हणून भरलं. नाही भरलं तर काय समजायचं, ते तुम्ही सांगा."

वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली, "भरू दे. बाईनी घागर बाईले." सुरेखानं पाणी ओतलं. थोडं सांडलं. मी उंबरठ्यावर बोट ओढलं आणि इंदूचं नाव घेतलं. मोठ्यानं नाव घ्यायची सवय नव्हती. आवाज फाटला.

दुपार कलली तेव्हा प्रमोदचा फोन आला. बरीच जहाजं एका रांगेत बाहेर काढली होती, सोबत आपल्या नेव्हीचं जहाज. फोन बंद ठेवायचा हुकूम होता. आता मोकळ्या समुद्रात आहे म्हणाला. मग विचारलं, "घागर?"

"भरली."

"कुणी?"

"तुझ्या बायकोनं."

तो म्हणाला, "बरं झालं. माझ्या हातून निम्मी सांडली असती."

"तिच्या हातूनबी सांडली," मी म्हणालो, आणि फोन सुरेखाकडं दिला.

वहिनीला वाटलं मी आता गावातच राहीन. चूल आहे, अंगण आहे, बोलायला माणसं आहेत. मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू, तिकडची हवा अजून मला सोसत नाही आणि तिथं माझं काही काम नाही. पण चार दिवसांनी मी पिशवी भरली. किल्ली वहिनीकडं दिली आणि सांगितलं, अमावास्येला दार उघडत जा, दिवा लाव.

ती म्हणाली, "आनि तू?"

मी म्हणालो, इंदू येईल तर इथंच येईल, तिला दुसरं घर माहीत नाही. पण प्रमोद बंदरावर उतरणार आहे. तो दार वाजवील तेव्हा आत कुणीतरी खोकलेलं त्याला ऐकू यायला हवं.