आत्या कुठून मोजते

कुठलीही गोष्ट नुसती मोठी, लहान, जवळ किंवा लांब असू शकते, हे अख्ख्या सोलापुरात एकट्या माझ्या आत्याला मान्य नाही. "केम गाव लांब आहे," असं कुणी म्हणालं की तिचं ठरलेलं, "कुठून?" शेजारच्या काकूंनी कौतुकाने सांगितलं, "आमची सून उंच आहे हो," तर ही म्हणाली, "कुणाच्या मानाने? तुमच्या?" काकू बरेच दिवस फिरकल्या नाहीत. माझ्यासाठी 'चांगलं' स्थळ आलं, तेव्हा चांगलं कशाच्या मानाने, हे तिने थेट मुलाच्या वडिलांनाच विचारलं. स्थळ गेलं. मला मनातून बरं वाटलं, पण मी तसं बोलले नाही. मी फारसं काहीच बोलत नसे.

नवी पेठेत कापडाच्या दुकानावर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथे आम्ही कोल्ड स्टोरेजची डिझाइन करायचो. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं की लोक आकडे भरतात; आत्या आधी सेटिंगमध्ये जाऊन त्याचं शून्य बघायची. मशीनमधल्या गॅसमध्ये मुळात उष्णता किती, याला उत्तर नसतं. कुठेतरी खुंटी ठोकायची आणि तिथून मोजायचं. कुणी उणे चाळीस अंशांना शून्य धरतं, कुणी शून्य अंशांना दोनशे. "खुंटी कुठंही ठोक," आत्या म्हणायची, "फक्त मोजताना हलवू नको." सॉफ्टवेअर अपडेट झालं की परगावाहून आलेल्या पोराचा ताप बघावा, तशी ती लगेच त्याचं शून्य पुन्हा तपासायची.

केमच्या डाळिंबवाल्यांनी मिळून कोल्ड स्टोरेज काढायचं ठरवलं, तेव्हा मशीन विकणाऱ्याने आम्ही काढलेल्याच्या निम्म्या आकाराचं मशीन पुरेल असं सांगितलं. बैठकीत त्याचा कागद माझ्या हातात आला आणि चूक लगेच दिसली. गॅसचा आकडा त्याने सॉफ्टवेअरमधून घेतला होता, तोच गॅस द्रव असतानाचा जुन्या छापील तक्त्यातून. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे गॅस ओढतो ती उष्णता, पण दोन्हींची शून्यं वेगळी. त्यामुळे गॅस दुप्पट उष्णता ओढतोय असं दिसत होतं. हे मशीन बसलं असतं तर डाळिंबं आतच सडली असती. मी कागद आत्याकडे सरकवला. तिने तो परत माझ्याकडे सरकवला आणि शेंगदाणे खात बसली.

"ताई, मशीन ल्हान, खर्च कमी. मग अडलं कुटं?" डाळिंबवाल्यांच्या अध्यक्षांनी विचारलं.

"बोल की," आत्या कुजबुजली. "लई झालं लाजणं."

मी उठले. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐन वेळी पळून जातं, पण त्या दिवशी मी त्याला धरून ठेवलं. "दोन पोरांच्या उंचीतला फरक काढायचाय," मी म्हणाले. "एक जमिनीवर उभं आहे, दुसरं ओट्यावर. यांनी दोघांनाही जमिनीपासून मोजलंय."

"मॅडम, शून्य म्हणजे शून्य!" विक्रेता हसला.

"कुठलं?" मी विचारलं. "सेटिंग उघडा."

त्याने उघडलं. तिथे शून्य अंशांना दोनशे होतं, तक्त्यात उणे चाळीसला शून्य. मग त्याचं हसू गेलं.

"म्हंजी वट्यासकट उंची धरली की वो!" अध्यक्ष म्हणाले. "मोठंच मशीन घ्या."

परतताना आत्या फक्त एवढंच म्हणाली, "आवाज बरा आहे तुझा." कशाच्या मानाने, ते तिने सांगितलं नाही.

आता ऑफिस मी चालवते. आत्या आजारपणानंतर मैंदर्गीला जाऊन राहिली आहे. परवा फोनवर विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "बरी आहे." उलटा प्रश्न नाही. मी वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं, "कशाच्या मानाने, आत्या?"

ती म्हणाली, "कालच्या."

मी तेच शून्य धरलंय. रोज संध्याकाळी फोन करते आणि तिथूनच मोजते.