उकिरड्यात पुरलेलं कापड

कुंभकोणमला उतरलो तेव्हा पाऊस लागून राहिला होता आणि माझ्या ट्रंकेवर पांढरी बुरशी धरली होती. तिच्याच मागावर गिरणीने मला मुंबईहून इतक्या लांब धाडलं होतं. लढाईचे दिवस, तंबूंच्या अस्तराचं कापड जंगलातल्या ओलीत कुजत होतं. पाऱ्याचं औषध चढवलेले तुकडे या दमट मुलखात पुरून पाहायचे, एवढंच माझं काम.

उतरलो माधवरावांकडे. घराणं मराठ्यांच्या राज्यात इथे आलेलं. घरातली मराठी ऐकून कुणी बखर वाचतंय असं वाटावं. तिण्णैखाली (बाहेरच्या ओट्याखाली) पाय पडला की तमिळ. माधवरावांच्या आईला सगळे आक्का म्हणत. त्यांनी वाफाळती कॉफी पुढे केली.

"काय पुरायास आलांत, बाबा?"

"कापड."

"मग उगवतें काय त्यांतून?"

मीही हसलो. परसातल्या कुप्पैत (उकिरड्यात) साधे आणि औषधाचे, दोन्ही तुकडे पुरले. शेण, केळीची पानं, भाताचा कोंडा. कुजायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

काही दिवसांनी उकरलं तर साध्या तुकड्यांच्या चिंध्याच हातात आल्या. औषधाचे तुकडे कोरे करकरीत! मी हरखून एक आक्कांना दाखवला आणि वर फुशारकी मारली, "याला यमसुद्धा हात लावायचा नाही." त्यांच्या सूनबाईंचे, म्हणजे माधवरावांच्या बायकोचे, दिवस भरत आले होते आणि आधीची तीन मुलं जन्मून गेली होती, हे मला ठाऊक होतं. पण जिभेला हाड नसतं. तुकडे परत पुरले आणि हात मात्र साबणाने दोनदा धुतले.

मग दारासुरमला रेशमाचे माग पाहायला गेलो. पावसाने माग थंडावले होते. "खळीला वास मारतो," एक विणकर म्हणाला आणि सुताला आलेली बुरशी दाखवली. तिथून गोविंदपुरमच्या मठात गेलो. रस्त्यावर पाणी चढल्यामुळे मुक्काम वाढला. भजन ऐकलं, भातही पोटभर खाल्ला.

परतलो तो घरात मुलगा झाला होता. मुलं जगत नसलेल्या घरी इथे बाळाला उकिरड्यावर लोळवून उचलतात आणि कुप्पू म्हणतात. कचरा म्हटल्यावर यम नेत नाही. आपल्याकडे धोंडू-दगडू ठेवतात, तसंच हे. आक्का एक पाऊल पुढे गेल्या होत्या. उकिरड्यातलं माझं न कुजणारं कापड काढून, धुऊन, त्यातच त्यांनी नातवाला गुंडाळलं होतं.

बाळाच्या पोटावर, मांड्यांवर फोड उठले होते.

"काढा ते! विष आहे त्यात!" मी ओरडलो.

आक्कांनी बाळ छातीशी धरलं. "विषच कीं. म्हणून तर यम भितो. दिलेलें परत मागूं नये, बाबा."

माधवराव खांबाला टेकून उभेच. शेवटी सूनबाईंनी हात पुढे केले. "आक्का, द्या मजकडे."

मी माझं जुनं मऊ धोतर टरकन फाडलं. डॉक्टर आले, अंग धुतलं, मलम लावलं आणि बाहेर येऊन मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचं रडणं थांबलं.

"तें कापड अंगावर होतें तोंवर जोरानें रडत होता," आक्का मला म्हणाल्या. "तुमच्या धोतरांत गेला."

खरं काय ते सांगितलं असतं, तर बाळाचं मरण त्यांच्याच हातांवर गेलं असतं. ते माझ्यावरच राहिलेलं बरं. त्या घराने तरीही मला उपाशी ठेवलं नाही. निघताना सूनबाईंनी धोतराचा तुकडा धुऊन, घडी करून माझ्या हाती दिला.

मुंबईला गिरणीच्या साहेबांनी उरलेले तुकडे उजेडात धरले. खूश होऊन म्हणाले, "वा! यावर काही म्हणून जगायचं नाही." मी हो म्हटलं. कापड पास झालं.

घरी ट्रंक उघडली. वाटेच्या ओलीने धोतराच्या तुकड्यावर काळी बुरशी उठली होती. बायको तो टाकायला निघाली, तिला मी अडवलं. म्हटलं, राहू दे, निदान यावर काहीतरी जगतंय.